मोर आणि माळढोक

राष्ट्राला ध्वज असावा, राजमुद्रा असावी, राष्ट्रगीत असावे, हे सहज पटण्यासारखे आहे. परंतु राष्ट्राला स्वतःचे म्हणून एक पाखरूही असावे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास किंचित पोरकट वाटण्याचा संभव आहे. पाखरांना सरहद्दी ठाऊक नसतात. मंगोलियातील सरोवरांवरून निघालेला पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर उतरतो, तेव्हा तो कोणाकडे परवाना मागत नाही. असे असता माणसाने आपल्या देशाच्या सीमा पशुपक्ष्यांना आणि फुलांनाही लागू कराव्यात, ही त्याची नुसती हौस म्हणावयाची, की तिच्यामागे आणखी काही हेतू आहे?

हौस तर आहेच. भारताचा प्राणी वाघ, पक्षी मोर, फूल कमळ, वृक्ष वड, हे शाळेतील मुलेही घडाघडा म्हणून दाखवितात. त्याखेरीज प्रत्येक राज्याची यादी निराळी. महाराष्ट्राने शेकरू हा प्राणी, हरियाल हा पक्षी, आंब्याचे झाड आणि ताम्हणाचे जांभळे फूल यांना हा मान दिलेला आहे. २०१५ साली नीलवंत या फुलपाखराची आणि २०२३ साली पापलेट या माशाची त्यांत भर पडली. या शेवटच्या निवडीने पुष्कळांना हसू आले असेल. कारण पापलेटाला महाराष्ट्रात मान नव्हता, असे जेवणाऱ्या कोणासही म्हणता यावयाचे नाही. परंतु त्या निवडीचे कारण हसण्यासारखे नव्हते. पापलेटाची अगदी लहान पिले जाळ्यांत येऊ लागली होती आणि किनाऱ्यावरचे त्याचे उत्पन्न घटत चालले होते. तेव्हा हा मान म्हणजे कौतुक नव्हे, तर सावधगिरीची सूचना होती.

येथेच या सर्व निवडीमागील खरा प्रश्न उभा राहतो. मानचिन्ह म्हणून कोणाला निवडावे? ज्याला सगळे ओळखतात त्याला, की ज्याला आज ओळखले नाही तर उद्या ओळखण्यासाठी तो उरणारच नाही त्याला? हा प्रश्न भारतापुढे १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फार स्पष्ट स्वरूपात आला होता. त्याचे उत्तरही त्याच वेळी दिले गेले; आणि त्या उत्तराला आता साठ वर्षे उलटून गेल्यामुळे त्याचे परिणाम तपासून पाहता येतात.

पक्ष्यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अधिवेशन १९६० साली टोकियो येथे भरले होते. प्रत्येक देशाने आपला एक राष्ट्रीय पक्षी ठरवावा, अशी शिफारस तेथे करण्यात आली. शिफारशीचा रोख उघड होता. लोक ज्याला आपला म्हणतात त्याला मारावयास ते कचरतात. तेव्हा ज्याला रक्षणाची गरज आहे अशा एखाद्या पक्ष्याला देशाने आपला म्हणावे, म्हणजे कायद्याला जे साधत नाही ते अभिमानाने साधेल. भारतात हा विषय वन्यजीव मंडळापुढे आला. उमेदवार थोडेथोडके नव्हते. सारसाचे नाव पुढे आले, ब्राह्मणी घारीचे आले, हंसाचेही आले. परंतु ज्यांची नावे सोडून देता येण्यासारखी नव्हती असे दोनच: मोर आणि माळढोक.

माळढोकाचा पक्ष घेणारे कोणी सामान्य नव्हते. मुंबईचे डॉक्टर सालिम अली यांनी त्या वेळी माळढोकाच्या बाजूने लिहिले, आणि भावनगरच्या राजघराण्यातील पक्षिशास्त्रज्ञ धर्मकुमारसिंहजी हेही त्याच मताचे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मोराला आणखी मानाची गरज काय? त्याला देवादिकांचा आश्रय आहे, लोकांची माया आहे. ज्याला कोणी वाली नाही आणि जो जवळजवळ सर्वस्वी भारतभूमीचाच आहे असा एक भव्य पक्षी डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. त्याच्या डोक्यावर हा मुकुट ठेवावा.

माळढोक प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आज फार थोडी उरली आहेत, म्हणून त्याचे वर्णन थोडे सविस्तर करणे अवश्य आहे. पूर्ण वाढलेला नर उभा राहिला तर त्याची उंची सुमारे एक मीटर भरते; वजन १५ किलोंच्या घरात जाते. जगात उडू शकणाऱ्या अत्यंत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. मादी आकाराने पुष्कळच लहान. अंगावर तपकिरी रंग, मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, असा त्याचा पोशाख असतो. चाल मोठी डौलाची. मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजून टाकीत तो गवतातून जातो, तेव्हा एखादा जुना सरदार आपल्या जमिनीची पाहणी करीत फिरत आहे असा भास होतो. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातील दाणे, असे जे मिळेल ते तो खातो. म्हणजे शेतकऱ्याचे जेवढे नेतो त्याहून अधिक त्याला परत देतो.

पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ. त्या दिवसांत नर माळावरच्या एखाद्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याखालची पिशवी फुगवितो, शेपूट पाठीवर उलटी घेतो आणि खोल, घुमणारा हुंकार काढतो. हा आवाज शांत वेळी अर्ध्या किलोमीटरवरही ऐकू जातो. विदर्भात या पक्ष्याला ‘हूम’ म्हणतात ते त्यावरूनच. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर ती अंडे घालते, आणि तेही बहुधा वर्षाकाठी एकच. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, कावळा, किंवा गुरांचे एक खूर, यांपैकी कशानेही ते वर्ष वाया जाते. ज्याचा संसार एका अंड्यावर चालतो, त्याला शत्रू फारसे परवडत नाहीत.

आणि शत्रू तर पुष्कळ झाले. दक्षिणेत हा पक्षी एके काळी किती विपुल होता, याची साक्ष कर्नल साइक्स यांच्या लिखाणात सापडते. हे गृहस्थ मुंबई सरकारच्या नोकरीत असून १८२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी दख्खनचा मुलूख हिंडून पाहिला आणि येथील पक्ष्यांची यादी तयार केली. एका सद्गृहस्थाने या भागात सुमारे एक हजार माळढोक मारल्याची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. एका बंदुकीला एक हजार! शिकाऱ्याला हा पक्षी फार आवडे. कारण तो मोठा, खावयास रुचकर आणि उघड्या माळावर लांबून दिसणारा. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्याचा पाठलाग अधिकच सोपा झाला. स्वातंत्र्यानंतर शिकार कमी झाली, परंतु तोवर माळच कमी होऊ लागले होते.

मोराची बाजू मात्र दुबळी होती असे कोणी समजू नये. राष्ट्रीय पक्षी ठरविताना ज्या गोष्टी पाहिल्या गेल्या त्या अशा, की तो देशाच्या बहुतेक भागांत आढळणारा असावा, सामान्य माणसाच्या ओळखीचा असावा, चित्रांत व मुद्रांत सहज रेखाटता यावा, आणि येथील कथा-पुराणांशी त्याचे नाते असावे. या कसोट्या एकदा मान्य केल्या म्हणजे मोराशी स्पर्धा कोण करणार? तो कार्तिकेयाचे वाहन. श्रीकृष्णाच्या मुकुटात त्याचे पीस. मोरगावचा गणपती तर मयूरेश्वर म्हणूनच प्रसिद्ध. शाहजहानचे सिंहासन त्याच्या नावाचे, आणि ते नादिरशहाने १७३९ साली लुटून नेल्यावर शोक झाला तोही त्याच नावाने. पैठणीच्या पदरावर तो आहे, लहान मुलांच्या पुस्तकांत पिसाच्या रूपाने दडलेला तोच आहे. माळढोकाच्या वाट्याला ना पुराण आले, ना पदर.

त्यातच माळढोकाच्या इंग्रजी नावाची एक अडचण होती, असेही सांगतात. त्याचे इंग्रजी नाव ‘बस्टर्ड’. त्यात एका अक्षराची चूक झाली तर ती शिवी होते. छापखान्यातील एखाद्या जुळाऱ्याच्या हातून अशी चूक झाली, तर राष्ट्राच्या पक्ष्याचे नाव जगापुढे कसे जाईल, या धास्तीने काहीजणांनी त्याला नापसंती दिली म्हणतात. ‘माळढोक’, ‘गोडावण’, ‘घोराड’, ‘सोनचिरैया’ अशी चार देशी नावे हाताशी असता परक्या भाषेतील एका शिवीला इतके भ्यावे, हे चमत्कारिक खरे. परंतु १९६० च्या सुमारास सरकारी कारभार कोणत्या भाषेत चाले हे ध्यानात घेतले, म्हणजे तितकेसे चमत्कारिक वाटत नाही. ते काही असो. केवळ नावावरून माळढोक हरला असे म्हणणे मोरावर अन्याय करण्यासारखे होईल. १९६३ साली मोर भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला, आणि देशातील बहुसंख्य लोकांना विचारले असते तरी त्यांनी त्यालाच कौल दिला असता, यात संशय नाही.

मोराला या मानाचा लाभ किती झाला हे सांगणे कठीण आहे. कारण त्याला त्याची निकड नव्हती. आज तो पूर्वीपेक्षा अधिक ठिकाणी दिसतो. देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात फार वेगाने वाढत असलेल्या पक्ष्यांत मोराचे नाव आहे. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे लोक सुटीच्या दिवशी मोर पाहावयास जातात. इतकेच काय, २०१६ साली गोव्यात मोर शेतीची नासधूस करतो अशा तक्रारींवरून त्याला उपद्रवी प्राण्यांत धरावे काय, असा विचार सरकारी पातळीवर बोलून दाखविण्यात आला आणि त्यावर मोठा गिल्ला झाला. राष्ट्राचा मानकरी आणि शेताचा चोर या दोन्ही पदव्या एकाच पक्ष्याला एकाच वेळी मिळाव्यात, हा योग विरळा.

माळढोकाचे काय झाले? १९६९ साली धर्मकुमारसिंहजींनी सबंध देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज केला होता. आज रानावनात दीडशेही उरलेले नाहीत. २०११ साली जागतिक संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले. त्यापलीकडची पायरी नामशेष होण्याची.

तेव्हा मुकुट मिळाला असता तर माळढोक वाचला असता काय? असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक चांगला दाखला आहे, आणि तो वाघाचा. भारताचा राष्ट्रीय प्राणी प्रथम वाघ नव्हता, सिंह होता. १९७२ साली ते पद वाघाला देण्यात आले. त्याच वर्षी झालेल्या मोजणीत देशात अवघे १,८२७ वाघ असल्याचे आढळले होते. वन्यजीव संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू होऊन जी पहिली नऊ राने त्यासाठी राखली गेली, त्यांत आपले मेळघाट होते. २०२२ च्या मोजणीवरून देशातील वाघांची संख्या सरासरीने ३,६८२ धरली जाते. मधल्या काळात वाघावर वाईट प्रसंग आले नाहीत असे नव्हे. राजस्थानातील सरिस्का येथे तर २००५ पर्यंत एकही वाघ राहिला नव्हता. परंतु प्रत्येक वेळी देशभर ओरड झाली, समित्या बसल्या, पैसा आला. राष्ट्राचा प्राणी नाहीसा होणे ही गोष्ट कोणत्याच सरकारला परवडणारी नव्हती.

परंतु हा दाखला नीट पाहिला पाहिजे. वाघाला नुसता मान मिळाला नाही. मानाबरोबर कायदा आला, जमीन आली, पहारा आला. आणि मान मिळून यांपैकी काही आले नाही, किंवा भलतेच काही आले, तर काय होते, याचे उदाहरण राजस्थानातच आहे. २०१४ साली त्या राज्याने उंटाला राज्यप्राण्याचा मान दिला आणि पुढच्या वर्षी कायदा करून त्याची कत्तल व राज्याबाहेर नेआण यांवर बंदी घातली. हेतू चांगला होता. परंतु उंट पाळणारे राईका लोक नर उंट विकून पोट भरीत. बाजारच बसल्यावर उंट पाळावयाचा कशासाठी, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सुमारे ३ लक्ष २६ हजार उंट होते. २०१९ च्या गणनेत ते २ लक्ष १३ हजारांवर आले. ही उतरण आधीपासूनचीच होती, परंतु मानाने ती थांबली नाही, हेही तितकेच खरे.

त्याच राजस्थानाने माळढोकाला मात्र वेळीच आपले म्हटले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अरब देशांतील काही बडे पाहुणे ससाणे घेऊन जैसलमेरकडे शिकारीस आले, तेव्हा लोकांत मोठा प्रक्षोभ झाला. १९८० साली जयपूर येथे माळढोक व त्याच्या भाऊबंदांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि १९८१ साली गोडावण हा राजस्थानचा राज्यपक्षी झाला. ज्या ज्या राज्यांत हा पक्षी होता त्यांपैकी हा मान त्याला देणारे राजस्थान हे एकच. गुजरातने रोहित निवडला, कर्नाटकाने नीलपंख, मध्य प्रदेशाने स्वर्गीय नर्तक, महाराष्ट्राने हरियाल. आज जे थोडे माळढोक उरले आहेत ते जवळजवळ सर्व राजस्थानातच आहेत. यावरून मानाचाच हा प्रभाव, असा सिद्धान्त कोणी काढील. परंतु थरचे वाळवंट विस्तीर्ण आहे, वस्ती विरळ आहे, बिश्नोईंसारख्या समाजाने वन्य जीवांना पिढ्यानुपिढ्या जपले आहे, हेही हिशेबात धरले पाहिजे. गुजरातेत कच्छमधील नलिया भागात तर काही माद्याच उरल्या. शेवटचा नर २०१८ नंतर दिसला नाही. तेथील माद्यांनी त्यानंतरही अंडी घातली, पण ती फळणारी नव्हती.

अलीकडे माळढोकावर जे संकट आले आहे ते मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हा पक्षी जड, त्यामुळे उडताना त्याला एकदम वळता येत नाही. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने शत्रू चोहोंकडून दिसतो, परंतु नाकासमोरचे नीट दिसत नाही. विजेच्या तारा त्याला दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. थरच्या वाळवंटात सूर्य आणि वारा या दोहोंची रेलचेल. म्हणून तेथे सौर विजेची व पवनचक्क्यांची केंद्रे उभी राहिली, आणि त्यांची वीज बाहेर नेण्यासाठी तारांचे जाळे पसरले. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी तारांवर आपटून दरसाल सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा अंदाज काढला. शंभर-सव्वाशेंतून अठरा!

वन्यजीवांचे जाणते एम. के. रणजितसिंह यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. १९७२ च्या कायद्याच्या घडणीत ज्यांचा हात होता तेच हे गृहस्थ. न्यायालयाने २०२१ च्या एप्रिलमध्ये माळढोकाच्या प्रदेशातील तारा शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. त्यावर सरकारचे म्हणणे पडले, की एवढ्या विस्तीर्ण मुलखात हे साध्य नाही आणि कोळशाचा धूर कमी करावयाचा तर ही वीज हवीच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने सरसकट बंदी मागे घेतली आणि तज्ज्ञांची समिती नेमली. या वादात एका बाजूस लोभ आणि दुसऱ्या बाजूस भूतदया अशी सोपी मांडणी करता येत नाही, हीच त्याची खरी अडचण. पृथ्वी तापू नये म्हणून जे करावयाचे, त्यानेच एक पक्षी मरत आहे.

दुसरीकडे अखेरचा उपाय म्हणून माळावरची अंडी गोळा करून कृत्रिम उबेने पिले वाढविण्याचे काम २०१९ पासून जैसलमेरजवळ सम येथे सुरू झाले. त्या कामी अबुधाबीतील तिलोरपालनाच्या संस्थेचे साहाय्य मिळाले. तिलोर हा माळढोकाचाच धाकटा भाऊ. ससाण्यांच्या शिकारीसाठीच अरबांनी त्याची पैदास करण्याची विद्या हस्तगत केली होती. ज्यांच्या ससाण्यांविरुद्ध चाळीस वर्षांपूर्वी जैसलमेरात मोर्चे निघाले, त्यांचीच विद्या आज गोडावणाच्या उपयोगी पडते आहे. २०२४ साली कृत्रिम रेतनाने पहिले पिलू जन्मास आले, आणि २०२५ पर्यंत पाळलेल्या पक्ष्यांची संख्या पन्नासांच्या पुढे गेली. ही पिले मोठी होऊन पुन्हा माळावर स्वतंत्र जगू लागली, तरच हे श्रम सार्थकी लागावयाचे. माळढोकाच्या नशिबी मानाचा एक लहानसा तुकडा आलाही. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीची जागतिक परिषद २०२० साली गांधीनगर येथे भरली, तेव्हा तिचे शुभचिन्ह म्हणून ‘गिबी’ या लाडक्या नावाने त्याचे चित्र सर्वत्र झळकत होते.

महाराष्ट्राची कथा याहून जवळची आणि म्हणूनच अधिक खेदाची आहे. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले, की नान्नज लागते. १९७२ च्या सुमारास सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी तेथील माळावर माळढोक असल्याकडे लोकांचे लक्ष वेधले आणि त्यांच्या रक्षणासाठी पुढे अनेक वर्षे धडपड केली. त्या प्रयत्नांना यश येऊन १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार होता ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर पाहता हा आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु तो प्रत्यक्षात उतरवावयाचा कसा? सोलापूर व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा त्यात आल्या. पक्ष्याला लागणारा माळ त्यात थोडा आणि तोही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला. बाकी सर्व माणसांचा संसार. जमीन विकावयाची म्हटली तर अभयारण्य आडवे येई, घर बांधावयाचे म्हटले तरी आडवे येई. ज्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही अशा शेतकऱ्याच्या मनात त्याच्याविषयी राग मात्र भरून राहिला. पुढे ही हद्द कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावी लागली.

मध्य प्रदेशातील करेरा येथे हेच अधिक कडवटपणे घडले. तेथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. संरक्षणामुळे काळवीट वाढले, त्यांनी पिके खाल्ली, लोक चिडले, आणि त्यानंतरच्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. ज्याच्यासाठी राखले तोच न उरल्याने अखेर २०२२ साली ते अभयारण्यच रद्द करण्यात आले.

नान्नजच्या बाबतीत दुसरेही एक कारण आहे, आणि ते महसुली दप्तरात दडलेले आहे. झाड नाही ती जमीन ‘पडीक’, ही आपली जुनी समजूत. माळ म्हणजे ओसाड, निरुपयोगी, कोणीतरी येऊन सुधारण्याची वाट पाहत पडलेली भूमी! मग कोणी सद्हेतूने तीवर झाडे लावतो, कोणी कारखाना आणतो, कोणी पाणी आणतो. उजनीचे पाणी आले आणि ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा राहिला. शेतकऱ्याने ऊस लावू नये असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु उसाच्या फडात माळढोकाला पाऊल टाकता येत नाही, आणि झाडांच्या दाटीत त्याला शत्रू दिसत नाही. त्याला हवे असते उघडे गवत, दूरवर नजर जाईल अशी मोकळीक, आणि पावसाळ्यात कोणी न फिरकणारा एक कोपरा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८० नंतर करेरा व नान्नज येथे या पक्ष्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि गवताळ माळ हे जंगलाइतकेच जपण्यासारखे धन आहे हे तेव्हापासून ते सांगत आले आहेत. जंगल तोडले तर लोकांना वाईट वाटते. माळ नांगरला तर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मोर झाडावर बसतो, देवळाच्या कळसावर बसतो, शाळेच्या पत्र्यावरही बसतो. त्याला माणसाच्या जगात जागा आहे. माळढोक झाडावर कधीच बसत नाही. १९६३ च्या निवडीत ज्या पक्ष्याला लोक ओळखतात त्याला मान मिळाला, यात कोणी चूक केली असे म्हणता येत नाही. मात्र त्या वेळी माळढोक निवडला गेला असता, तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोराच्या जागी गवतात उभा असलेला एक पक्षी दिसला असता, आणि ‘हे कोठे राहते?’ असे मुलांनी विचारल्यावर गुरुजींना माळाविषयी काही सांगावे लागले असते. तेवढ्यावरून नान्नजचा माळ वाचला असता की नाही, हे कोण सांगणार?

नान्नजला आजही जावे. गवत राखलेले आहे, पहाऱ्याचे मनोरे आहेत, काळविटांचे कळप आहेत, लांडगेही आहेत. श्रावणातल्या एखाद्या सकाळी पावसाची झड थांबली, की चंडोल आकाशात चढून गातात. माळढोक मात्र गेल्या काही वर्षांच्या मोजणीत एखादा-दुसराच आढळतो. एखाद्या वर्षी एक मादी दिसली, तर तिची बातमी सोलापूरच्या वर्तमानपत्रांत छापून येते.